टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, मग केस का जातायत?

कवडसा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण डोक्याला भुंगा लागलाय आणि घरात विषय काढला की "वय झालं की जातातच" एवढंच ऐकू येतं. माझं वय २९ आहे हो, वय कुठे झालंय.

दोनेक वर्षांपूर्वी फोटोत पहिल्यांदा जाणवलं. दोन्ही कानशिलांवरची रेषा मागे गेलीय, मधे तेवढी बट उरलीय. मग कुणीतरी मागून काढलेला फोटो पाहिला तर भोवऱ्यापाशी टाळू चमकत होती. पण गंमत, म्हणजे गंमत नाही, त्रासच, की केस फारसे गळताना दिसत नाहीत. उशीवर नाहीत, कंगव्यात दहा-पंधरा. मग गेले कुठे?

एका केसांच्या सेंटरमध्ये गेलो. डोक्याकडे दोन मिनिटं बघून "हार्मोन वाढलेत, सहा महिन्यांचं हार्मोन बॅलन्स पॅकेज घ्या" म्हणाले. मी म्हटलं आधी तपासून बघतो. टोटल टेस्टोस्टेरॉन आलं ५२०, रेंज ३०० ते १००० च्या आसपास. थायरॉइडसाठीचं टीएसएच २.१, तेही नॉर्मल. प्रोलॅक्टिन नॉर्मल. सगळं मधोमध. रिपोर्ट घेऊन परत गेलो तर म्हणाले रिपोर्टमध्ये दिसत नाही पण आतून वाढलेलं असतं. हे काही पटलं नाही, पैसे न भरता उठून आलो.

तर प्रश्न एवढाच, की आकडे नॉर्मल असतील तर हे हार्मोनमुळे कसं असेल? आणि हार्मोनमुळे नसेल तर मग कशामुळे? कुणी नीट समजावून सांगेल का, पॅकेज न विकता.

दंडबैठक

सेम टू सेम, वय २४. मी तर ऐकलंय की टेस्टोस्टेरॉन जास्त असलं की टक्कल पडतं, म्हणजे एका अर्थी चांगलंच लक्षण. जिममधले दोन-तीन जण पण हेच म्हणतात. खरं आहे का?

बकुळ

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, रोज ओपीडीत हाच प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. धीर धरून वाचा.

कवडसा, तुमचा रिपोर्टही खरा आहे आणि तुमचं टक्कल हार्मोनमुळे आहे हेही बहुतेक खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण रक्तात हार्मोन किती आहे आणि केसाचं मूळ त्या हार्मोनला किती दाद देतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट पहिली गोष्ट मोजतो. टक्कल दुसरीवर ठरतं.

केसाच्या मुळाशी ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करतं, सगळे त्याला डीएचटी म्हणतात. हे डीएचटी मुळातल्या पेशींच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा सिग्नल घेणाऱ्या जागेला, टेस्टोस्टेरॉनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं. आता तुमच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि तुमच्या शेजारच्या दाट केसवाल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन अगदी सारखं असलं तरी तुमच्या भोवऱ्याजवळच्या मुळांनी जन्मतःच असा स्वभाव घेतलेला असतो की डीएचटीचा तोच सिग्नल मिळाला की ती आकसायला लागतात. त्यामुळे दंडबैठक, टक्कल म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त, हा समज चुकीचा आहे. टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांची लेव्हल इतरांसारखीच असते.

"गेले कुठे" याचं उत्तर पण यातच आहे. केस उगवतो, काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. वाढीचा काळ एरवी दोन ते सहा-सात वर्षांचा. डीएचटीमुळे दर फेरीला हा काळ थोडा थोडा कमी होत जातो आणि नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड, फिकट येतो. शेवटी दंडावर असते तशी लव उरते. म्हणजे केस एकदम पडून गेले असं होत नाही, जागच्या जागी बारीक होत जातात. म्हणून कंगव्यात ढीग दिसत नाही आणि फोटोत टाळू दिसते.

डोक्याच्या मागचे आणि कानाजवळचे केस मात्र शेवटपर्यंत का टिकतात? रक्त तर तेच, हार्मोन तेच. त्या मुळांचा स्वभाव वेगळा, एवढंच. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं की मागचा केस उचलून पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, आणि सगळं हेअर ट्रान्सप्लांट त्या एका गोष्टीवर उभं आहे.

वाटसरू

बकुळताई, फार छान समजावलंत. पण मग हार्मोनचा हात आहे हे तरी नक्की कशावरून? सगळं मुळांच्या स्वभावावर ढकललं तर हार्मोन कशाला मधे आणायचं.

बकुळ

योग्य शंका. टेस्टोस्टेरॉन नसेल तर असलं मूळ असूनही टक्कल पडत नाही, यावरून.

हे निरीक्षण फार जुनं आहे, प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत लिहिलंय की ज्यांची वृषणं काढलेली असतात त्यांना टक्कल पडत नाही. पण पुरावा म्हणावा असं काम १९४२ चं, अमेरिकेतले संशोधक जेम्स हॅमिल्टन यांचं. वयात येण्याआधी किंवा येताना ज्यांची वृषणं गेली होती अशा पुरुषांना त्यांनी पाहिलं, त्यांच्या पुढच्या केसांची रेषा लहान मुलासारखीच राहिली होती. मग त्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांना टक्कल पडायला लागलं, ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांना तेच औषध घेऊन काही झालं नाही. आणि टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर टक्कल पुढे सरकायचं थांबलं, पण गेलेले परत आले नाहीत. मला विचाराल तर या अख्ख्या विषयाचं सार या एका कामात आहे. हार्मोन लागतं, वारसाही लागतो, एकट्याने भागत नाही.

दुसरी कडी १९७४ ची. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात आल्यावर त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञ ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तर त्यांच्यात ५-अल्फा रिडक्टेजच कमी पडत होतं. टेस्टोस्टेरॉन ठीक, डीएचटी मात्र अगदी कमी. मोठेपणी आवाज भारी, स्नायू भरलेले, पण प्रोस्टेट छोटी आणि टक्कल नाही. हेच एन्झाइम अडवणारी फिनास्टेराइड नावाची गोळी या निरीक्षणातून पुढे आली, अमेरिकेत १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅम प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅम केसांसाठी मंजूर झाली.

कवडसा

ताई, खरंच आभार. दोन वर्षांत एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मी तर मनात स्वतःलाच दोष देत होतो, उशिरा झोपतो, हेल्मेट घालतो, शाम्पू बदलला, काय नि काय.

दंडबैठक

एक विचारू का, लाज वाटते पण विचारतो. हस्तमैथुनामुळे हार्मोन बिघडून केस जातात असं सगळीकडे वाचतो. आणि जिममधली क्रिएटिन पावडर?

बकुळ

लाज कसली, अर्धी ओपीडी हेच विचारायला आलेली असते आणि न विचारता परत जाते. हस्तमैथुनाचा आणि केसांचा काहीही संबंध नाही. हे मनातून पूर्ण काढून टाका, या एका समजापायी मुलं वर्षानुवर्षं अपराधी वाटून घेतात ते बघून मला वाईट वाटतं.

क्रिएटिनबद्दलची भीती २००९ च्या एका छोट्या अभ्यासावरून पसरली. वीसेक रग्बी खेळाडू, तीन आठवडे, रक्तातलं डीएचटी वाढलेलं दिसलं. पण त्यात केस कुणी मोजलेच नव्हते. त्यावरून क्रिएटिनने टक्कल पडतं असं म्हणता येत नाही. जिममध्ये कुणी इंजेक्शनं किंवा "सायकल", म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, देऊ करत असेल तर मात्र दूर राहा. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आणि अॅनाबॉलिक स्टेरॉइड, वारसा असलेल्या डोक्यावर टक्कल झपाट्याने आणतात, आणि ते नुकसान गोळ्या बंद करून भरून येत नाही. हॅमिल्टनचं वर लिहिलंय ना, तेच.

पिल्लूची आई

मी पुरुषांच्या चर्चेत घुसतेय पण हार्मोन म्हटलं की माझं लिहिल्याशिवाय राहवत नाही. गरोदरपणात माझे केस आयुष्यात नव्हते इतके दाट झाले होते, सगळे विचारायचे काय लावतेस. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि सुरू झालं. न्हाणीच्या जाळीत रोज मूठभर, वेणी घातली की हातात, बाळाच्या मुठीत माझे केस, दुपट्याला केस. मी जाळीतला एकेक केस उचलून बघायची, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि मला वाटायचं संपलं, मुळासकट उपटून आलाय, आता तिथे परत येणार नाही. रात्री रडायचे. रात्री बाळ झोपलं की मी टॉवेलवरचे केस मोजायची, एकदा एकशे ऐंशीपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. एक दिवस बाळ काही केल्या थांबेना, पोट बघितलं, कान बघितला, काही नाही. मोजे काढले तर पायाच्या करंगळीशेजारचं बोट लाल-निळं सुजलेलं, आणि नीट प्रकाशात धरलं तेव्हा दिसलं की माझाच केस बोटाला चार वेढे आवळून बसलाय. डॉक्टरांनी तो काढला, बोट वाचलं. ते म्हणाले या महिन्यांत आयांचे केस गळतात म्हणून हे होतंच, मोजे काढून बोटं बघत जा. कृपा करून हे वाचणाऱ्या सगळ्या नव्या आयांनी लक्षात ठेवा.

आता मूल दीड वर्षाचं आहे. कपाळावर छोटे छोटे केस उभे राहिले, मग ते वाढले, सगळं परत आलं.

बकुळ

पिल्लूची आई, बोटाचं लिहिलंत ते फार मोलाचं. माझ्या प्रतिसादांपेक्षा तोच वर राहायला हवा.

तुमचं झालं ते कवडसाच्या अगदी उलट. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खूप वाढतं आणि केस वाढीच्या टप्प्यात अडकून राहतात, गळायचे ते गळतच नाहीत, म्हणून दाट. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि थांबलेले सगळे केस एकाच वेळी बसायच्या टप्प्यात जातात, आणि तो टप्पा तीनेक महिन्यांचा, म्हणून गळती बरोबर दोन ते चार महिन्यांनी सुरू. मूळ आकसलेलं नसतं, नुसतं वेळापत्रक हललेलं असतं. त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात बहुतेकींचे परत येतात. आणि तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे, गळायला तयार झालेल्या केसाचं ते सुकलेलं टोक. मूळ कातडीत शाबूत असतं. एरवीही रोज ५० ते १०० केस असेच ठिपक्यासकट गळतात.

एकच पुस्ती. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या पाच ते दहा जणींची थायरॉइड बिघडते. वर्ष झालं तरी गळती थांबत नसेल, छातीत धडधड किंवा उलट फार थकवा, थंडी वाजणं असेल तर टीएसएच करून घ्या, "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून सोडून देऊ नका.

हे तीन महिन्यांचं गणित बाकीच्यांनाही लागू आहे. मोठा ताप, ऑपरेशन, झपाट्याने वजन उतरवणं, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, यातलं काहीही घडलं की केस त्या आठवड्यात जात नाहीत, तीन महिन्यांनी जातात. तोवर माणूस ती गोष्ट विसरलेला असतो आणि गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला शिव्या देतो.

रेघोटी

पीसीओएसवाल्या, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनचा तो त्रास असलेल्या, कुणी आहात का इथे? माझं मागच्या सात वर्षांचं दुखणं. हनुवटीवर जाड काळे केस, रोज सकाळी चिमटा, आणि डोक्यावर भांग रुंद होत चाललेला. मला कळायचंच नाही की एकच हार्मोन एका ठिकाणी केस उगवतं आणि दुसऱ्या ठिकाणी घालवतं, हे कसं? एका डॉक्टरांनी टोटल टेस्टोस्टेरॉन बघितलं, नॉर्मल आलं, म्हणाले हार्मोनचं काही नाही, टेन्शन घेऊ नका. तीन वर्षं मी टेन्शन न घेण्याचा प्रयत्न केला.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी एसएचबीजी पण तपासायला सांगितलं आणि ते खूप कमी निघालं. त्यांनी कागदावर होड्या काढून सांगितलं ते अजून लक्षात आहे. टेस्टोस्टेरॉन रक्तात बहुतेक करून एसएचबीजी नावाच्या प्रोटीनच्या होडीत बसून फिरतं, होडीत आहे तोवर काही करत नाही, जे पाण्यात मोकळं आहे तेच काम करतं. माझ्या होड्याच कमी होत्या. एकूण प्रवासी तेवढेच, पण मोकळे जास्त. आणि होड्या कमी का, तर इन्सुलिन जास्त, त्यामुळे लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं. म्हणजे माझ्या भांगाचा संबंध इन्सुलिनशी, हे ऐकून मी दोन मिनिटं गप्पच बसले.

वजन थोडं उतरवलं, पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू आहे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पोटॅशियम तपासतात, आणि मूल नको असतानाच घ्यायचं, गर्भनिरोधन पक्कं ठेवूनच, हे त्यांनी दहादा बजावलंय. आठव्या-नवव्या महिन्यात फरक दिसला. हनुवटीचे अजून पूर्ण गेले नाहीत.

बकुळ

रेघोटी, होड्यांचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार, त्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

एकच हार्मोन दोन उलटी कामं करतं, कारण मुळं वेगळी. दाढीचं मूळ त्याच सिग्नलवर लवेचा जाड केस करतं, टाळूवरचं मूळ जाड केसाची लव करतं. पण दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर प्रत्येक जण हार्मोनच्या तपासण्या करत सुटेल. भांग रुंद होणाऱ्या बहुतेक बायकांत मोकळं टेस्टोस्टेरॉनसुद्धा नॉर्मलच असतं. पाळी नियमित असेल, चेहऱ्यावर केस नसतील, मुरमं नसतील तर सगळं पॅनेल करून बहुधा हाती काही लागत नाही. त्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन आणि टीएसएच आधी बघावं. आणि उलट, काही महिन्यांतच आवाज घोगरा होतोय, चेहऱ्यावर झपाट्याने केस येतायत, पाळी बंद झालीय असं असेल तर एक दिवस वाया घालवू नका. अंडाशय किंवा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत गाठ आहे का ते बघावं लागतं.

परीक्षानळी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, मशीनच्या बाजूने थोडं लिहितो. केसांसाठी हार्मोन तपासायला येणाऱ्या दहातल्या किती जणांना मी विचारतो की बायोटिन हे व्हिटॅमिन घेताय का, आणि किती जण हो म्हणतात! केसांच्या गोळ्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन असतं, शरीराला रोज ३० च्या आसपास लागतं. आमच्याकडच्या बऱ्याच मशीनची केमिस्ट्रीच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते, त्यामुळे रक्तात बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी येतं आणि टी-३, टी-४ ही थायरॉइडची हार्मोन खोटी जास्त येतात. टेस्टोस्टेरॉनसुद्धा काही मशीनवर खोटं जास्त येतं. म्हणजे चांगल्याभल्या माणसाचा रिपोर्ट हायपरथायरॉइडचा दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल इशाराच दिला होता. तपासणीच्या आधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी जास्त, बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

टेस्टोस्टेरॉन सकाळी द्या, आठ ते दहाच्या दरम्यान, दुपारनंतर उतरतं. बायकांनी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एसएचबीजी वाढलेलं दिसणार आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणजे खरं चित्र झाकलं जाणार. आणि रक्तातलं डीएचटी तपासू का असं विचारत खूप लोक येतात. टाळूच्या मुळात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही, तो खर्च वाचवा.

सांजवेळ

माझं वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं. इथे सगळे तरुण दिसताय, पण आमच्या वयात कोणी केसांचं बोललं की "आता काय करायचंय" म्हणतात. करायचंय ना. आरशात रोज मीच बघते ना स्वतःला.

माझी पुढची रेषा जागेवर आहे, पण भांगाच्या दोन्ही बाजूला विरळ झालंय, ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की टाळू दिसते. शिवाय भुवयांची बाहेरची टोकं गेली होती, ते मला वयाचं वाटायचं. बहिणीच्या आग्रहाने टीएसएच केलं तर ते १४ निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेली. गोळी सुरू केली. महिनाभरात अंगातली मरगळ गेली पण केस तसेच, मी निराश झाले, पाचव्या महिन्यात मात्र भुवया भरल्या आणि गळती थांबली. भांग अजून तसाच रुंद आहे. म्हणजे माझ्यात दोन वेगळी दुखणी होती का?

बकुळ

सांजवेळ, बरोबर ओळखलंत, दोन होती. थायरॉइडमुळे सगळीकडून गळत होतं आणि भुवया जात होत्या, ते सुधारलं. भांगाचं विरळ होणं हा बायकांमधला वारशाचा प्रकार, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की तो उघडा पडतो. त्यासाठी मिनॉक्सिडिल बाहेरून लावायचं. ते हार्मोनचं औषध नाही, मूळ ब्लड प्रेशरचं, रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून लोकांचं लक्ष गेलं. पहिल्या दोन-एक महिन्यांत उलट जास्त गळतं आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. सोडू नका. तुमच्या वयात केसांची काळजी करू नये असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

जुनाजाणता

कवडसा, मी फिनास्टेराइड ११ वर्षं घेतोय. ३३ व्या वर्षी सुरू केली. स्वानुभव सांगतो, डॉक्टरी सल्ला नव्हे. पहिले चार महिने काहीच नाही, आठव्या महिन्यात भोवरा भरायला लागला, कानशिलं गेली ती गेलीच, पण आहे ते टिकलं. मधे एकदा वाटलं आता ठीक आहे म्हणून बंद केली, वर्षभरात सगळी कमाई गेली. ही गोळी घ्यायची ठरवली तर ती चालू ठेवायची, हे आधीच मनाशी ठरवा.

बायको गरोदर असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नका, मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. रक्तदानही करत नाही त्याच कारणाने. आणि पुढे प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी कराल तेव्हा ही गोळी घेताय हे सांगायला विसरू नका, आकडा निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो.

वाटसरू

मी दुसरी बाजू मांडतो. मी पण घेतली, सात महिने. दुसऱ्या महिन्यापासून इच्छा कमी झाली आणि मन उदास राहायला लागलं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले मनाचे खेळ आहेत. मी बंद केली, दोन-तीन महिन्यांत पूर्ववत झालो. सगळ्यांना होत नाही हे मान्य, पण ज्याला होतं त्याला "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवू नये एवढंच म्हणणं आहे.

जुनाजाणता

वाटसरू, पटलं. मला त्रास झाला नाही म्हणून कुणालाच होत नाही असं मी कधी म्हणणार नाही.

बकुळ

थोड्या टक्के पुरुषांना लैंगिक त्रास होतो, उदासीनतेच्याही नोंदी आहेत, आणि काही जणांनी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलंय. म्हणून आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, आणि सुरू केल्यावर मन बदललेलं वाटलं तर लाज न बाळगता कळवायचं. १ मिलिग्रॅम गोळीने रक्तातलं डीएचटी साधारण ६५ ते ७० टक्के उतरतं, शरीराने ते जाणवून घेतलं तर त्यात नवल नाही. तुमच्या डॉक्टरांनी ऐकून घ्यायला हवं होतं.

कवडसा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टकडे फार बघितलंच नाही, एक छोटा कॅमेरा टाळूला लावला आणि स्क्रीनवर मला दाखवलं. डोक्याच्या मागे एकेका छिद्रातून दोन-दोन तीन-तीन केस, सगळे सारख्या जाडीचे. भोवऱ्यापाशी त्याच आकाराच्या छिद्रातून एक जाड, एक अर्धा, आणि एक इतका बारीक की मी आधी धूळ समजलो. "हा बघा, हा गेलेला नाही, बारीक झालाय" असं म्हणाले. दोन वर्षं जे शोधत होतो ते समोर होतं. ५२० या आकड्यात ते कुठेच दिसलं नसतं.

मिनॉक्सिडिल आजपासून. गोळीचा निर्णय महिन्याभराने, वाटसरू यांचं वाचलंय, बायकोशीही बोलणं चालू आहे, आम्हाला पुढच्या वर्षी बाळ हवंय. न्हाणीत ट्यूबलाइटखाली, त्याच कोपऱ्यात, कोरड्या केसांचा फोटो काढून ठेवलाय. पुढचा तीन महिन्यांनी, मधे काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

ताई, शेवटचं एक. धाकटा भाऊ २१ चा आहे, अजून दाट आहेत, पण आतापासूनच घाबरलाय. त्याच्या हार्मोनच्या तपासण्या करून घेऊ का? आईच्या वडिलांना टक्कल होतं.

बकुळ

तपासण्या नकोत, त्यातून काही कळणार नाही. अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, त्याच्या रिसेप्टरचं जनुक मुलाला आईकडून येतं हे खरं, पण वडिलांकडूनही बरीच जनुकं यात हात घालतात, त्यामुळे आजोबांवरून भाकीत करू नका. त्याला एकदा त्याच कॅमेऱ्याखाली बसवा. सगळे केस सारख्या जाडीचे दिसले तर वर्षभर काही करू नका. आणि तुमच्यासारखाच एक फोटो त्याचाही काढून ठेवा, त्याच ट्यूबलाइटखाली.